डावा अठरा, उजवा एकोणीस

माणसाचे दोन्ही कान सारखे असतात असं काकूंसमोर कोणी म्हणालं, तर त्याची धडगत नाही. काकू त्याला खुर्चीत बसवतील, हनुवटी धरून मान सरळ करतील, भुवयांवर फूटपट्टी आडवी धरतील आणि आरसा पुढे करून म्हणतील, "बघा. डावा वर, उजवा खाली. चाळीस वर्षं आरशात तोंड बघताय, काय बघताय?" सत्तावीस वर्षं त्या चष्म्याच्या दुकानात आहेत. नंबर काढायला डॉक्टर येतो, काचा घासणारा आतल्या खोलीत घासत बसतो, पण तयार चष्मा माणसाच्या तोंडावर बसवायचं काम काकूंचं. गरम हवेच्या झोतात काडी धरायची, मऊ झाली की अंगठ्याने वाकवायची, गार होईपर्यंत दाबून ठेवायची. त्यांच्या अंगठ्याची कातडी त्यामुळे इतकी निबर झालीय की चुलीवरचं पातेलं त्या फडक्याशिवाय उतरवतात आणि सूनबाईंचा जीव वरखाली होतो.

गिऱ्हाईक आत आलं की बाकीचे त्याचा चेहरा बघतात, काकू कान बघतात. "चष्मा डोळ्यांना लागतो, पण उभा राहतो कानांवर," हे वाक्य दुकानातल्या सगळ्यांना पाठ आहे. देवाने नाक बरोबर मधोमध लावलं, डोळे नीट बसवले, आणि कानांपर्यंत येईतो कंटाळला, उरकून टाकलं, असं त्यांचं मत आहे. आता देवाने केलेली घाई निस्तरायला खाली कोणीतरी हवंच की.

अशा बाईच्या पोटी छोट्या जन्माला आला.

छोट्या हे नुसतं नाव. सहा फूट उंच आहे, दारातून वाकून आत येतो आणि लिफ्टची दुरुस्ती करतो. बाप गेला तेव्हा सात वर्षांचा होता. काकूंनी त्याच वर्षी नोकरी धरली आणि पोराला एकटीने वाढवलं, कोणापुढे हात न पसरता, कोणाचे चार शब्द ऐकून न घेता. आणि हा पठ्ठ्या एकोणिसाव्या वर्षी कानांच्या पाळ्यांना भोकं पाडून घरी आला. साधी भोकं असती तर काकूंनी गिळून टाकलं असतं. पण ती वाढायला लागली. आधी रिफिल जाईल एवढी, मग पेन्सिल, मग जाड पेन. काकूंना वाटलं, पोराची हौस आहे, फिटेल. हौस फिटली नाही. भोक तेवढं रुंदावत गेलं, आणि त्यात काळी, गोल, बटणासारखी काहीतरी वस्तू येऊन बसली. प्लग म्हणतात म्हणे त्याला. काकू म्हणतात बूच.

काकूंनी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी सकाळी तो चहा पीत बसलेला असताना त्यांना राहवेना.

"उजवीकडचं बूच तिरकं बसलंय," त्या म्हणाल्या.

"बोलायचं नव्हतं ना?"

"मी तुझ्याशी कुठे बोलतेय? बुचाशी बोलतेय."

संध्याकाळी त्यांनी दुकानातला कॅलिपर पदराआड, म्हणजे पिशवीत लपवून घरी आणला आणि मापं घेतली. डावं भोक अठरा मिलिमीटर, उजवं एकोणीस. पोरगा अठराची जोडी विकत घेऊन घालत होता, म्हणून उजवं सैल पडून तिरकं व्हायचं. काकूंचा संताप झाला, पण आता तो पोरावर नव्हता, दुकानदारावर होता. "जोडी विकतात मेले! कान कधी जोडीने जन्मतात का?"

दुसऱ्याच दिवशी त्या कातकाम करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेल्या. हा कातारी कपाटांच्या खणांच्या मुठी बनवायचा. काकूंनी त्याला कागदावर दोन वर्तुळं काढून दिली, एक अठराचं, एक एकोणीसचं. दोन्ही बाजूंना किंचित रुंद कडा ठेवायची म्हणजे निसटणार नाही, मधे किंचित खोल, आणि लाकूड पक्कं, दाट, रेषा न सुटणारं. कातारी म्हणाला, "बाई, ही कसली मूठ?" काकू म्हणाल्या, "माझ्या पोराच्या डोक्याची." तरी तो हसत नाही बघून त्यांनी खरं ते सांगितलं. मग तो इतका हसला की त्याला यंत्र थांबवावं लागलं.

लाकडी चकत्या झाल्यावर त्यांच्यावरून काकूंनी जुना नायलॉनचा मोजा फिरवला. मोजा जिथे अडकेल तिथे लाकडाला कुसळ आहे. बोटांना न कळणारं कुसळ मोज्याला कळतं, आणि मोज्याला कळलं नाही तर कानाच्या कातडीला कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. तीन ठिकाणी मोजा अडकला. काकूंनी चकत्या परत घासायला लावल्या. वर तेलाचं बोट.

छोट्याने त्या घातल्या आणि आरशात बघून नुसता "आई" म्हणाला. तेवढंच.

पुढे ही गोष्ट पसरली. छोट्याचे मित्र, मित्रांच्या बहिणी, त्या बहिणींच्या मैत्रिणी, सगळ्या ताणलेल्या कानांची वरात रविवारी सकाळी काकूंच्या जिन्यात बसू लागली. काकू एकेकाला आत घेत आणि आधी कानांची नाही, तर भलतीच चौकशी करत. कोणत्या कुशीवर झोपतोस? फोन कुठल्या कानाला लावतेस? हेल्मेट घालतोस का? एक पोरगा मोटरसायकलवरून पाकिटं पोचवायचा, त्याला त्यांनी मागची कडा काढून टाकलेले, मागून रबरी कडीने अडकणारे प्लग दिले. नाहीतर दिवसातून साठ वेळा हेल्मेट चढवताना कान ओरबाडून निघाला असता. एका उंच मानेच्या मुलीला जड दगडी लोलक हवे होते. काकूंनी तळहातावर तोलून बघितले आणि परत डबीत टाकले. "तुझ्या पाळीची खालची कड बघ, दोऱ्यासारखी झालीय. हे लटकवलंस तर वर्षभरात दोन तुकडे होतील. काचेचे पोकळ घे. मान उंच आहे तुझी, त्यात थेंबाच्या आकाराचे पुरतात. लांबलचक लोंबकळवलंस तर घंटेसारखी दिसशील." लाकडाचे असतील तर अंघोळीला काढायचे, पाण्याने फुगतात. पोलादाचे थंडीत बाहेर पडताना नकोत, कान बधिर होतात. चष्मा असेल तर मागून सपाटच हवेत, काडीला धक्का लागता कामा नये. गोल चेहऱ्याला गोल चकती दिली की चेहऱ्यावर तीन चेहरे दिसतात. बोलणं सगळं असं. पण काकूंकडून रडत बाहेर पडलेलं कोणी नव्हतं, आणि कोणाचा कान चिघळलाही नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग काकूंनी पोराचे कान पत्करले म्हणायचे. कसले पत्करतायत! हातांनी पत्करले होते, मनाने नाही. शिंपी नाही का, स्वतः कधी घालणार नाही असला सदरा गिऱ्हाइकाला झकास शिवून देतो, तसंच. वाकडं बसलेलं त्यांना बघवत नव्हतं म्हणून त्या सरळ करत होत्या. चारचौघांत गेलं की त्यांची मान आपोआप खाली जायची. एका लग्नात त्यांची नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं बाई, याच्या कानातून पलीकडचं दिसतंय!" तेव्हा काकूंनी ठणकावून सांगितलं, "त्याला कामावर लागतं ते." लिफ्टच्या कामाला कानातली भोकं कशाला लागतात हे विचारायची छाती कोणाची झाली नाही. पण घरी येऊन काकू ओट्याला टेकून रडल्या होत्या. पंधरा वर्षं हे असंच चाललं होतं. पोराला त्यांनी कधी कळू दिलं नाही, असं त्यांना वाटायचं.

छोट्याचं लग्न होऊन आठ वर्षं झाली. सूनबाई दवाखान्यात रक्ताचे नमुने घेते. शांत, हसरी, सासूच्या तोंडाला तोंड न देता आपलं तेच करणारी. लग्नातले छोट्याचे प्लग काकूंनीच निवडले होते, काळसर लाकूड आणि काठाला पितळेची बारीक तार, कारण "घालायचंच आहे तर नीट घाल." सगळं होतं, घरात मूल नव्हतं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, औषधांनी सूनबाई सुजून गेली, दोनदा आशा लागली आणि दोनदा तुटली. शेवटी दोघांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं आणि एका संस्थेत अर्ज भरला. काकूंनी ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "मधल्या खोलीतलं कपाट हलवायला लागेल. पाळणा कुठे मावणार?" सूनबाईने त्यांच्या गळ्यात हात टाकले. त्या घरात असं फारसं होत नसे.

संस्थेकडून घराची पाहणी करायला एक बाई आल्या. पन्नाशीच्या, आखूड केस, खांद्याला वहाणांच्या चामड्यासारख्या जाड चामड्याची पिशवी. बोलणं कमी आणि लिहिणं फार. त्यांनी खोल्या बघितल्या, खिडक्यांचे गज बघितले, दोघांना कामाच्या वेळा विचारल्या. छोट्या त्या दिवशी लाकडी प्लग घालून बसला होता आणि काकूंचा जीव टांगणीला लागला होता. बाईंची नजर दोनदा कानांवर गेलेली त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिली. मग बाई पाण्याचा पेला ठेवायला आत आल्या, तेव्हा काकूंनी संधी साधली. आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरगा लाखात एक आहे हो माझा. कान तेवढे मनावर घेऊ नका. मीसुद्धा त्यांच्याकडे बघत नाही. चारचौघांत मान खाली घालावी लागते, पण काय करणार, आपलंच पोर."

बाई "हं" म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. आपण वेळेवर बाजू सावरली म्हणून काकू खुशीत होत्या.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. निर्णय राखून ठेवला आहे, आणखी एकदा भेट देण्यात येईल. कारण काही लिहिलेलं नव्हतं. पण कारण काय, ते घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं, किंवा तिघांना तसं वाटत होतं. सूनबाई त्या दिवशी जेवली नाही. छोट्या उठून काकूंसमोर बसला. ताणलेल्या कानांचा हा एवढा मोठा माणूस, सात वर्षांचा असताना बापाच्या खुर्चीकडे बघत बसायचा तसा बसला.

"आई, हे झाकता येतील का? काही नाहीच असं वाटेल असं."

पंधरा वर्षं काकूंनी ज्याची वाट बघितली ते आयतं समोर आलं होतं. खरं तर त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तरी त्या म्हणाल्या, "बघते."

आणि एकदा बघते म्हटलं की काकू बघतातच. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक कवळ्या करणारा आहे. त्याच्याकडे हिरड्यांच्या रंगाचा मसाला असतो. त्याने तो कालवून दोन चकत्या ओतून दिल्या, पण त्या घातल्यावर छोट्याच्या कानातून हिरड्या उगवल्यासारख्या दिसल्या. सूनबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, काकूंनी डोळे वटारले. मग चष्म्याच्या नाकावरच्या बटणांचं मऊ सिलिकॉन घेतलं, त्यात तपकिरी घातला, पिवळा घातला, थोडासा लाल. सात जोड्या फुकट गेल्या. आठवी जोडी जमली. दुपारी दुकान रिकामं असताना ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांनी छोट्याला खुर्चीत बसवलं, चकत्या बसवल्या, कडेवरून सूनबाईचं फाउंडेशन बोटाने पुसून एकजीव केलं. मालक काउंटरवरून बघत होता, तो म्हणाला, "काकू, कमाल! हा कोणी दुसराच माणूस." छोट्याने आरशात बघितलं. चांगला साधासुधा, कुठल्याही रांगेत हरवून जाईल असा माणूस दिसत होता. "छान झालंय," तो म्हणाला, आणि आरसा पालथा ठेवला.

पाहणीच्या बाई मंगळवारी सकाळी अकराला आल्या. ऊन लख्ख पडलं होतं. छोट्या खिडकीकडे पाठ करून बसला, बाई समोर, सूनबाई बाजूला. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

माणसाच्या कानामागे ऊन असलं की कान लाल होतो. पातळ कातडी, आत रक्त, उजेड आरपार येतो. सत्तावीस वर्षं कान बघणाऱ्या बाईला हे माहीत नव्हतं असं नाही. पण तिने सगळं केलं ते ट्यूबलाइटखाली, समोरून बघून. आता छोट्याचे दोन्ही कान लालभडक उजळले होते आणि दोन्ही पाळ्यांच्या मध्यभागी एकेक काळी ठिक्कर चकती. उजेडात धरलेल्या कापडावर ठिगळ दिसावं तशी.

काकूंनी ट्रे टेबलावर आदळला आणि खिडकीचा पडदा ओढला. "ऊन फार आहे हो!"

"राहू द्या. मला लिहायला उजेड लागतो," बाई म्हणाल्या.

काकूंनी पडदा परत सरकवला आणि स्वतःच खिडकीसमोर उभ्या राहिल्या. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आजी, बसा ना."

"नको, मला उभं राहायची सवय आहे. दुकानात दिवसभर उभीच असते मी."

"बसा," बाई म्हणाल्या, आणि काकू बसल्या. कान परत उजळले. बाईंनी छोट्याकडे पाहिलं. "मागच्या वेळी लाकडाचे होते ना? चांगले दिसत होते. आज का झाकलेत?"

छोट्याने मान खाली घातली. उत्तर काकूंनी दिलं. "त्याने नाही, मी झाकलेत. काय बोलायचं ते मला बोला. चांगलं दिसावं म्हणून झाकले."

"कोणाला?"

"तुम्हाला! ते कान बघूनच तुम्ही निर्णय अडवलात ना?"

बाईंनी पिशवीतून फाइल काढली, एक पान शोधलं आणि ते मोठ्याने वाचलं. "'आजींनी सांगितले, कान मनावर घेऊ नका, मीसुद्धा त्यांच्याकडे बघत नाही. चारचौघांत मान खाली घालावी लागते.' हे तुम्ही म्हणाला होतात. मी त्या दिवशी कानांबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. लिहिलं ते फक्त हे."

बाई हळू आवाजात पुढे सांगू लागल्या. एक मुलगी आहे, साडेचार वर्षांची. जन्मापासून तिला उजवा कान नाही. त्या जागी मांसाची एवढीशी गाठ आहे. बाकी खुटखुटीत आहे, बडबडी आहे. "मुलाच्या शरीरात काही उणीव असली तरी चालेल असं तुम्ही दोघांनी अर्जात लिहिलंय. पण या घरात माणसं तीन आहेत. तिला इथे मान वर करून वाढता येईल का, एवढंच मला बघायचं होतं. म्हणून मी परत आले. आणि येऊन बघते तर तुम्ही याचेही कान बुजवून बसलाय. उद्या तिचं काय कराल?"

सूनबाईने काकूंकडे पाहिलं. रागाने नाही, आणि तेच काकूंना सोसवलं नाही. धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं असं त्यांना झालं. कान आड आले नव्हते. आपली जीभ आड आली होती. पोराचं मूल, इतकी वर्षं वाट बघितल्यावर दारापर्यंत आलेलं, आपण स्वतःच्या तोंडाने परत पाठवलं.

मग छोट्या बोलला. "बाई, आई तुमच्याशी खोटं बोलली."

"म्हणजे?"

"ती म्हणाली ना, मी त्यांच्याकडे बघत नाही? साफ खोटं. माझे कान तिच्याइतके कोणी बघितलेलेच नाहीत. माझा डावा अठरा आहे आणि उजवा एकोणीस. मला कुठे माहीत होतं? हिने मोजले. सर्दी झाली की उजवीकडची पाळी सुजते, हे मलाही कळायच्या आधी हिला कळतं. लाज वाटते तिला, मला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. एका लग्नातून घरी आल्यावर ती ओट्याशी रडत होती, मी दारात उभा होतो. पण लाज वाटत असताना तिने एकदाही मला वाकडं काही घालून बाहेर जाऊ दिलं नाही." त्याचा आवाज फाटला. बोलता बोलता त्याने दोन्ही चकत्या कानातून ओढून काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"हात धुतलेस का आधी?" काकूंच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी तोंडावर हात धरला. त्या हसल्या की काय ते कळलं नाही, पण त्यांनी फाइलमधून एक फोटो काढून टेबलावर सरकवला. काकूंनी तो उचलला. बारीक दुधाचे दात दाखवत पोर हसतेय. डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा, उजवीकडून घसरून गालावर आलेला, आणि घसरू नये म्हणून बारीक इलॅस्टिकने डोक्याभोवती आवळून बांधलेला.

काकू फोटो खिडकीकडे घेऊन गेल्या. उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा पार बदललेला होता.

"हा चष्मा कोणी बसवला?"

"संस्थेजवळच्या दुकानात," बाई म्हणाल्या. "तो म्हणतो, एकाच कानावर चष्मा टिकत नाही. तिचा सारखा पडतो, फुटतो."

"टिकत नाही? गाढव आहे तो! त्याने दुकान बंद करून घरी बसावं! उजवी काडी आखूड कापून तिला रुंद मऊ पट्टी लावायची, ती मानेच्या वरून फिरवून डाव्या काडीत अडकवायची. नाकावरची बटणं मोठी घ्यायची, सगळं वजन तिथे. ही सुतळी आवळलीय पोरीच्या डोक्याला, रुततेय तिला, वण दिसतोय इथे, बघा! वरच्या बाजूने बघतेय ती, काचेतून बघतच नाहीये. एवढ्या मोठ्या संस्थेत एकालाही दिसलं नाही?"

काकू फोटो धरून उभ्याच होत्या, श्वास लागल्यासारख्या.

बाईंनी पेन उचललं. "आजी, मला अहवाल लिहायचाय. तुमच्याबद्दल काय लिहू?"

काकू बसल्या. या वेळी कोणी सांगितलं म्हणून नाही. "खरं तेच लिहा," त्या म्हणाल्या. "लाज वाटत होती. पंधरा वर्षं वाटत होती. आजही थोडी वाटतेच, एका सकाळीत कशी जाईल? या पोरीला घेऊन रस्त्यावर निघाले आणि कोणी टक लावून बघितलं तर माझी मान खाली जाईल की मी त्याच्या थोबाडीत मारीन, ते मला आत्ता सांगता येत नाही. पण तिचा चष्मा तिरका आहे आणि मला ते बघवत नाहीये. हेही लिहा."

बाईंनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. छोट्याने पंज्यात तोंड लपवलं होतं आणि सूनबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. शेवटी बाईंनी वही मिटली आणि फोटोकडे बोट दाखवलं. "यावरून माप घेता येईल तुम्हाला?"

"फोटोवरून कधी कोणी माप घेतं का? पोर समोर बसायला लागते."

"बरं," बाई उठल्या. "पुढच्या मंगळवारी अकरा वाजता घेऊन येते. मूल कोणाला द्यायचं ते मी एकटी ठरवत नाही, आधीच सांगून ठेवते. पण भेट कधी घडवायची ते मी ठरवते."

त्या जिना उतरून गेल्या. मग सूनबाई सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली आणि काकू तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. छोट्या त्यांच्या पायांशी जमिनीवर येऊन बसला. रिकाम्या पाळ्या लोंबत होत्या. बिनबुचांचे ते कान किती केविलवाणे दिसतात, हे काकूंना इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा जाणवलं.

त्यांनी डोळे पुसले, नाक ओढलं आणि पोराच्या डोक्यावर एक टपली मारली.

"मंगळवारी ते निळे काचेचे घाल. लाकडाचे नकोत, लहान पोरीला काळपट काय आवडणार? आणि लोंबतं काही घालू नकोस, ती ओढेल."

"बरं."

"आणि ओढलंच तर ओरडायचं नाही."